उचल माफ झाली त्या वर्षी

आमच्या फुलपाड्याच्या सोसायटीत थंडी येते ती धुराचं भांडण घेऊन. एखाद्या पहाटे कुणीतरी गॅलरीचं दार उघडतं, नाकाला पदर लावतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो. घरात लहान मुलं आहेत, सासऱ्यांना दमा आहे, या वीटभट्ट्या बंद कोण करणार? मग दिवसभर मोबाइल गुरगुरत राहतो. मी काहीच लिहीत नाही. आमच्या इमारतीच्या भिंती कशाच्या आहेत हे विचारायची हिंमत मला होत नाही, आणि खाडीकाठच्या माझ्या माहेरी, आमच्याच शेतात, माझा सख्खा भाऊ भट्टी चालवतो हेही ग्रुपवर कुणाला ठाऊक नाही.

तो वास मला मात्र घरचा वाटतो. ओली माती, जळका तूस, दगडी कोळसा आणि खाडीवरून येणारी खारट हवा. कितीही नको म्हटलं तरी त्या वासानं मी माहेरी जाऊन पोहोचते. आणि माहेरी पोहोचले की सगळे हंगाम सोडून मला तो एकच हंगाम आठवतो, ज्या वर्षी आबांनी, माझ्या वडिलांनी, भट्टीवरच्या मथीची उचल माफ केली.

मी शाळेत इतिहास शिकवते. नेमका याच धुराच्या दिवसांत गुलामगिरीच्या अंताचा धडा येतो. मुलांना तो फार आवडतो. त्यात जहाजं आहेत, साखळ्या आहेत, भर बाजारातला लिलाव आहे, आणि शेवटी कायदा होऊन सगळं संपतं. एरवी इतिहासात काही म्हणून संपत नाही, त्यामुळे मुलांना बरं वाटत असावं. वसईच्या किल्ल्यात सहल नेली की मी त्यांना सांगते, पोर्तुगीजांच्या काळात याच घरांत विकत घेतलेली माणसं राबायची. मुलं चुकचुकतात आणि मग त्याच भिंतीला टेकून सेल्फी काढतात. इंग्रजांनी आपल्या वसाहतींत गुलामी बंद केली तेव्हा नुकसानभरपाई दिली हे सांगितलं की एखादा हुशार मुलगा मान डोलावतो. ती मालकांना दिली, गुलामांना नाही, हे सांगितलं की तोच मुलगा म्हणतो, "टीचर, तुमचं काहीतरी चुकतंय."

चुकत नाही रे बाबा, असं म्हणून मी फळा पुसते.

आमची जमीन खाडीला लागून. पूर्वी भात व्हायचं. बांध होता तोवर खारं पाणी बाहेर राहायचं. मग बांधाकडे बघायला गावात माणसं उरली नाहीत, पाणी आत शिरलं आणि भाताची लोंबी भरेनाशी झाली. दादानं वरची दोन खाचरं भट्टीला काढली. आबा पहिल्या दिवशी शेतात गेलेच नाहीत. ज्या मातीतून त्यांनी आयुष्यभर तांदूळ काढला ती फावड्यानं खरवडून साच्यात घातलेली त्यांना बघवणार नव्हती. पण माणसाला सवय होते. पुढच्या हंगामात ते स्वतः साच्याला हळदकुंकू लावायला गेले.

भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. वाडा तालुक्यापलीकडच्या कातकरी पाड्यांवरून लॉरी भरून माणसं येतात. मडकी, गोधड्या, कोंबड्या, कडेवर पोरं. उतरले की कच्च्या विटा रचून, वर झावळ्या टाकून झोपड्या उभ्या करतात. पहाटे गारा तुडवायचा, म्हणजे माती, तूस आणि पाणी पायांनी कालवायचं. थंडीत त्या गाऱ्यात पाय घातला की हाडापर्यंत कळ जाते. मी एकदा हौसेनं घालून पाहिलाय, दुसऱ्यांदा घातला नाही. मग दिवसभर साचा आपटल्याचा आवाज, एका सुरात. संध्याकाळी चुलीवर सुकट भाजल्याचा वास आणि उन्हात ओळीनं मांडलेल्या ओल्या विटांवर कुत्र्याच्या पावलांचे ठसे.

ही माणसं येतात ती जोडीनं. भट्टीवर माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात. एक जण गारा देणार, दुसरा साचा मारणार, आणि ते दोघं नवराबायकोच असावे लागतात. एकट्या बाईला भट्टीवर घेत नाहीत, एकट्या पुरुषालाही नाही. आणि जोडी ठरते ती भर पावसात. श्रावण-भादव्यात पाड्यावर घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीच्या शेठचा माणूस जाऊन उचल देतो, म्हणजे मजुरीचे पैसे आगाऊ. ती उचल घेतली की दिवाळीनंतर लॉरीत बसायचं आणि घेतलेलं फिटेपर्यंत विटा पाडायच्या. ते फिटतं असं मी कधी ऐकलं नाही. उरलेलं पुढच्या हंगामाला चिकटतं.

वेठबिगारी कायद्यानं कधीच बंद झाली आहे. माझ्या आजोबांच्या वेळी आमच्याकडे चिंतू नावाचा लग्नगडी होता. लग्नगडी म्हणजे ज्याच्या लग्नाचा खर्च मालकानं केला आणि त्या बदल्यात ज्यानं बायकोसकट मालकाकडे राबायचं, मरेपर्यंत. कायदा झाला तेव्हा तालुक्याहून साहेब आले आणि ओसरीवर चिंतूला सांगितलं की तू आता मोकळा. चिंतूनं विचारलं, "मंग उद्याच्याला ढोरां कोन सोरील?" ही गोष्ट आबा जेवताना सांगायचे आणि आम्ही पोरं ठसका लागेपर्यंत हसायचो. चिंतू किती भोळा, असं आम्हाला वाटायचं. त्याला राहायला जागा आमची, खायला भात आमचा आणि पायाखालची वाटही आमचीच होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मथी आणि तिचा नवरा रावजी ही दादाच्या भट्टीवरची सगळ्यात जुनी जोडी. रावजी अबोल, मथी त्याच्या वाटचंही बोलणारी. माझ्या नव्या साडीवरून ती माझी खेचायची. "बाय, येवरा पातल नेसलीस, तुज्या शालंतली पोरां पुस्तकात बघतील का तुज्याकरं?" त्यांची एकुलती पोर कमळी आश्रमशाळेत होती. सुट्टी लागली की भट्टीवर यायची. काळी, काटक, पाय लांब. पहाटे धुकं असताना ती खाडीच्या बांधावरून धावायची, उघड्या पायांनी, खाडीचं पाणी अडवायच्या स्लुइस गेटपर्यंत जाऊन परत. तालुक्याच्या शर्यतीत तिचा पहिला नंबर आला होता. तिला पोलीस व्हायचं होतं. मी गेले की तिचा एकच प्रश्न.

"बाय, भरतीला बारावी लागते ना?"

"लागते. आणि धावावं लागतं."

"धावते मी," ती म्हणायची. ते तिनं सांगायचीही गरज नव्हती.

त्या वर्षी फाल्गुनात रावजीला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग सरकारी दवाखाना, आणि तोवर उशीर झालेला. शिमगा पेटायच्या आत तो गेला. भट्टी काही थांबली नाही, ती थांबवता येत नाही. आश्रमशाळेतून कमळी आली आणि बापाच्या जागी साच्यासमोर उभी राहिली. मायलेकींनी हंगाम कसाबसा ओढून नेला. कमळीच्या तळव्यांची सालं निघाली होती. सुट्टी नसताना ती भट्टीवर का, हे मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. कुणी विचारलं नाही.

मथीनंच एकदा आबांना सांगितलं की पाऊस लागला की पोरीचं लगीन लावते. जोडी मोडली. उचल तर अंगावर आहे. मी एकटी आले तर शेठ घेईल का? जावई आणला की कमळीची नि त्याची जोडी होईल, मी मागून विटा वाहीन. हे ती रडत सांगत नव्हती. घरात मीठ संपलं की आणायचं, तितक्या सरळपणे सांगत होती.

आबा त्या रात्री नीट जेवले नाहीत. त्यांचं वय झालेलं, हात थरथरायचे. त्यांचा हिशेब साधा होता. पोरीचं लग्न कशासाठी, तर जोडीसाठी. जोडी कशासाठी, तर उचल फेडायला. मग उचलच नसेल तर पोर शाळेत जाईल. यात काय चुकलं? मला आजही काही चूक सापडत नाही.

अक्षय तृतीयेला हंगाम उठतो. त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी आणि आमरस, आणि भट्टीवरच्या माणसांना ओसरीवर जेवणाचं पान. जेवणं झाल्यावर आबा उभे राहिले. दादाला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, तो खांबाला टेकून घुम्यासारखा उभा होता.

"मथे, तुजी उचल माफ. जुनी, नवी, सगली. पोरीला शिकव. तुज्यावर आता कोनाचा काय नाय."

मथीनं आबांकडे पाहिलं, मग दादाकडे, मग पानात उरलेल्या पोळीकडे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाटलं, धड्यात असतं ते आमच्या ओसरीवर घडलं. लॉरीत चढताना मथीनं मला बाजूला घेतलं.

"बाय, आबा कशानं रागावलं? आमी चोरी केली काय?"

मी हसले. तिचा हात धरून समजावलं की अगं वेडे, रागावले नाहीत, तुझं ओझं उतरवलं. तिनं मान हलवली. कमळी लॉरीच्या फळीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, आणि खूप दिवसांनी हसत होती. शाळा उघडायला अजून वेळ होता, पण तिनं वेणी शाळेसारखी घातली होती, दोन बाजूंना लाल रिबिनी.

तो पावसाळा मी फार आनंदात काढला. स्टाफरूममध्ये आबांची गोष्ट सांगितली, तेव्हा मराठीच्या बाईंनी डोळे टिपले. राजोडीला आम्ही शिक्षक सहलीला गेलो, तिथे समुद्राकडे तोंड करून भजी खाताना पुन्हा सांगितली. आपल्या घरात एक चांगली गोष्ट झाली, हे सांगायला माणसाला किती आवडतं.

दिवाळीनंतर दादाची लॉरी भरून आली, त्यात मथी नव्हती. आबा काठी टेकत झोपड्यांपर्यंत जाऊन बघून आले. त्यांना वाटलं होतं ती आता रोजावर येईल, मोकळ्या माणसासारखी. लॉरीतल्या एका बाईनं सांगितलं की मथी भिवंडीकडच्या भट्टीवर गेली. कमळीचं लगीन झालं, गौरीच्या दिवसांत.

पाड्यावर काय झालं ते मला हळूहळू कळलं. उचल माफ झाली म्हटल्यावर लोक मथीकडे संशयानं बघायला लागले. चांगल्या जोडीची उचल शेठ कशाला माफ करील? यांनी काहीतरी केलं असणार, किंवा पोरीत काहीतरी खोट असणार. भादव्यात उचल वाटायला माणसं आली, ती तिच्या झोपडीपुढून निघून गेली. दादाचा माणूस तर गेलाच नाही, त्याला कशाला जायचं होतं? शेवटी गौरीत कमळीचं लगीन लावून मथीनं जोडी दाखवली, तेव्हा कुठे भिवंडीच्या शेठनं उचल दिली. आमच्याकडून दर पावसाळ्यात जे काही तिच्या चुलीपर्यंत पोहोचायचं ते उचल या नावानंच पोहोचायचं. आम्ही कर्ज काढून घेतलं, त्याबरोबर तिचं जेवण काढून घेतलं. आणि त्या जागी काही ठेवायचं असतं हे आबांना सुचलं नाही, मला सुचलं नाही. दादा व्यवहारातला माणूस, त्याला सुचलं असेल, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी दादाला गाडी काढायला लावली. ती भट्टी आमच्यापेक्षा चौपट मोठी होती. मथी डोक्यावर विटा घेऊन चालली होती. मला बघून थांबली, विटा उतरवल्या, पदरानं तोंड पुसलं.

"उपाशी मरायची पाली आनली व्हती आबानं," ती म्हणाली. आवाजात धार नव्हती. "पन त्याला सांग, माजा राग नाय. म्हातारा मानूस, चुकतं."

कमळी साच्यापुढे बसली होती. गळ्यात काळे मणी, हात कोपरापर्यंत मातीत. शेजारी गारा देणारा तिचा नवरा तिच्याच वयाचा, ओठांवर जेमतेम लव आलेली. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि घाबरून पुन्हा खाली बघितलं. कमळीनं साचा आपटला, उचलला, पुढची माती घेतली. फार सफाईनं करत होती. शेवटी मथीला म्हटलं, कमळीला माझ्याकडे पाठव, फुलपाड्याला. मी ठेवून घेते, मी शिकवते.

मथीनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. अशा नजरेनं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"भांडी घासाला नेतेस?"

आमच्या सोसायटीतल्या दोन घरांत अशा मुली आहेत, आणि त्यांनाही शिकवायलाच आणलं होतं.

परतताना मी गाडीत दादावर ओरडले. लहान पोरीचं लग्न गुन्हा आहे, उचलीवर राबवणं गुन्हा आहे, मी तक्रार करते. दादा शांतपणे गाडी चालवत राहिला.

"कर. कुणाची करशील? त्याची का माझी? मी काय साखळ्या घातल्यात का कुणाला? मारतो का? ती लग्न लावून तिथं गेली, उचल माफ केली नसती तर इथंच आली असती."

दोन कायदे धडधडीत मोडले होते, आणि एकही माणूस गुन्हेगारासारखा वागत नव्हता. दादाला बोलून काही साधणार नव्हतं. राग यायला समोर कुणीतरी वाईट माणूस लागतो, तो मला आजतागायत मिळालेला नाही.

आबांना मी सगळं खरं सांगितलं. मथीचा निरोपही सांगितला. ते ओसरीवर बसले होते, काठीच्या टोकानं जमीन उकरत. मग दादाला हाक मारली.

"त्या शेठला तिची उचल देऊन टाक. जोडी हिकरं आन."

असं करता येतं. भट्टीवाल्यांत तशी रीतच आहे. एकानं दुसऱ्याची उचल भरली की जोडी त्याची होते, मागे काही राहत नाही. भिवंडीच्या शेठनं थोडी घासाघीस केली, पोरीचा हात चालतो म्हणून भाव वाढवून पाहिला, आणि मग सोडली. दादानं पैसे मोजले आणि तिघांना लॉरीत घालून आणलं. हे सगळं मी सांगते आहे आणि माझ्या धड्यातला शब्द माझ्या तोंडात येतो आहे. बाजार. माझ्या बापानं, ज्यानं अक्षय तृतीयेला एका बाईला मोकळं केलं, त्यानं पौषात तिला आणि तिच्या पोरीला विकत घेतलं. दोन्ही वेळा त्याच्या मनात पोरीचं भलं होतं.

मथी लॉरीतून उतरली ती धावत ओसरीवर आली आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. तिला इतकं आनंदलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. आबानं परत घेतलं, परत घेतलं, असं ती झोपड्या-झोपड्यांतून सांगत फिरली. आबांनी पाय मागे ओढले. त्या संध्याकाळी मला म्हणाले, "आता हिला परत माफ केली तं परत जाईल. नाय केली तं हितंच मरंल. मना कायतरी सांग, तू शिकलेली हास."

मी शिकलेली होते. पुढच्या श्रावणात आबा गेले.

त्यानंतर मी तो धडा शिकवते, पण आवाज वर चढत नाही. कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही, तो झाला हे बरंच झालं. पण माणसाच्या अंगावरून दोरी काढून घेतली आणि त्याला भर पाण्यात तसंच उभं ठेवलं, तर तो दुसरी दोरी शोधणार, त्यात त्याचं काय चुकलं? आणि आम्ही काठावर उभे राहून म्हणणार की बघा, यांना सवयच आहे. मला पूर्वी वाटायचं की हे हळूहळू बदलेल, मुलं शिकतील, दिवस पालटतील. आता वाटत नाही. मी हे लिहिताना मन घट्ट करून कुठे आशा सापडते का ते शोधलं, आणि सापडली नाही. बांधावर आता भराव पडतोय, पलीकडे टॉवर उठतायत. त्यांना विटा लागणार.

यंदाही सोसायटीत धुराचं भांडण सुरू झालं तशी मी माहेरी गेले. लॉरी येऊन गेली होती. मथी आता विटाही वाहत नाही, झोपडीच्या सावलीत खोकत बसते. कमळी माझ्यासमोर आली. कडेवर पोर, वर्षाची असेल, मातीनं माखलेली. मी पोरीच्या गालाला हात लावला, नाव विचारलं, काय काय विचारलं. बारावीचं मी विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. मग ओसरीवरच्या आबांच्या फोटोकडे तिची नजर गेली. ती जरा घुटमळली. तिला काहीतरी विचारायचं होतं, आणि ते दादाला विचारायची भीती वाटत होती.

"बाय," तिनं हळूच विचारलं, "आबा तं गेलं. आता आमची उचल कोनी माफ नाय ना करनार?"

"नाही," मी म्हटलं. "आता कुणी नाही करणार."

तिचा जीव भांड्यात पडला. पोरीला मथीच्या मांडीवर ठेवून ती साच्याकडे निघाली.